शिपायाची कुदळ

माद्रिदच्या वेशीवरच्या झोपडपट्टीत रिवाजच होता: उजाडायच्या आत छप्पर चढलं, चूल पेटली, की विनापरवाना घरही शिपायाला पाडता येत नसे. म्हणून रेमेदिओस आपल्या नव्या घराच्या जागी चूल पेटवून बसली, आणि अंधारात तिचे गाववाले एका बाजूने, शेजारचे जिप्सी दुसऱ्या बाजूने भिंत रचत आले. छप्पर चढलं तोच शिपाई कुदळ घेऊन आला. घराला दोन फेऱ्या मारून त्याने विचारलं, “दार कुठाय?” जिप्सी म्हातारा कुस्तोदियो गाववाल्यांकडे बघायला लागला. “मला वाटलं, तुम्ही सोडलंत.” “आम्हाला वाटलं, तुम्ही.” वस्ती हसत सुटली. “बिनदाराचं कसलं घर?” शिपाई गुरकावला. झरोक्यातून रेमेदिओसने कॉफीचा पेला पुढे केला. “चार वर्षं उघड्यावर काढली, साहेब. बाहेर पडायची घाई कुणाला?” शिपायाने पेला रिकामा केला आणि कुदळ म्हाताऱ्याच्या हातात दिली. “घ्या. पण दारापुरतंच पाडा.”