सांभाळून उतरा

शैलजाचा नवरा मेट्रो चालवायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप लावायचा. बोललाच, तर स्टेशनांची नावं सांगणाऱ्या रेकॉर्डिंगमधल्या बाईबद्दल. “काय गोड बोलते गं!” मग शैलजाचं लाटणं पोळीवर जरा जोरातच फिरायचं.

आज ती शेवटच्या स्टेशनचं तिकीट काढून गुपचूप त्याच्याच गाडीत बसली. एकदा ऐकूच दे त्या सटवीला! पण गाडी सुटली आणि नवऱ्याचाच आवाज आला.

“रेकॉर्डिंग बंद पडलंय, आज मीच सांगतो. पुढचं स्टेशन पेरूबाग. सावकाश, सांभाळून उतरा हं.”

हं? बाळंत होऊन, तान्ह्या लेकीला घेऊन ती रिक्षातून उतरली, तेव्हाही तो एवढं बोलला नव्हता. आणि इथे समोरची पोरगी फोनमधून मान वर न काढता उतरून गेली. मेलीने ऐकलंसुद्धा नाही! शैलजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या स्टेशनला तो पुन्हा तेच म्हणाला. शैलजाचं स्टेशन अजून बरंच लांब होतं. तरी ती पदर सावरून उठली, दाराजवळची दांडी धरली आणि सावकाश, सांभाळून उतरली.