मोजडीसाठी भोवळ

मंगलाष्टका संपल्या आणि नवरदेवाच्या मोजड्या गायब! नवरीची धाकटी बहीण हाताची घडी घालून समोर उभी. "ताईला श्रावणभर माहेरी धाडायचं कबूल करा, मगच मोजड्या," तिनं बजावलं.

"आमच्या घराण्यात असले लाड चालत नाहीत," म्हणत नवरदेवाच्या सगुणाआत्यांनी पदर खोचला, डोळे फिरवले आणि तिच्या पायाशीच धाडकन अंग टाकलं. भोवळ आली की जोडा हुंगायला देतात, हे कुणाला सांगायला नको. पोरगी सगळ्यांत जवळ. तेव्हा तिच्याकडची मोजडीच आधी बाहेर निघणार, असा आत्यांचा हिशेब.

पण अख्खा मांडव चपला घेऊन धावला. नाकाला आधी व्याह्यांची कोल्हापुरी लागली, मग आचाऱ्याची ओली स्लीपर, मग नवरीच्या मामांचा मोज्यांशिवाय घातलेला बूट. आत्यांनी श्वास रोखून धरला, पण पापणी हलू दिली नाही.

शेवटी पोरगीच घाबरली. ओढणीत गुंडाळलेली मोजडी काढून तिनं आत्यांच्या नाकाशी धरली. "आत्याबाई, डोळे उघडा हो!"

आत्यांनी झडप घातली आणि ताडकन उठून बसल्या. "बघा, काढली की नाही बाहेर!"

मांडवात हशा पिकला. पोरगी आधी दचकली, मग तीही हसत सुटली. "एकच मिळाली, आत्याबाई. दुसरीसाठी पुन्हा पडा. मामा, बूट आणा!"

मामा वाकले मात्र, आत्या किंचाळल्या, "नको गं बाई! ने तुझ्या ताईला, श्रावणभर ने!"