सालिमची हजेरी

मेजर हार्डविक ब्रिटिश फौजेतून ओमानच्या डोंगरात लढायला आला होता. लढाई संपली, पण तो मायदेशी गेला नाही. किनाऱ्यावरच्या बरका गावी खजुराची बाग मिळवून तो मजुरांचा अर्बाब, म्हणजे मालक झाला. फौजेतली एक सवय मात्र सुटली नव्हती, रोज सकाळी त्यांना रांगेत उभं करून हजेरी घ्यायचा.

१९९६ साली कणकवलीचा जनार्दन तिथे पंप सांभाळायला लागला. पहिल्याच सकाळी त्याला खटकलं. शेवटी मेजरने सालिमचं नाव घेतलं आणि कुणीतरी ‘हजर’ म्हणालं. बागेत सालिम नावाचा माणूसच नव्हता.

“सालिम कोण?” त्याने स्वयंपाकी तौहीदला विचारलं.

“अर्बाबच्या पलटणीतला. दोघं डोंगरात गेले, अर्बाब एकटाच खाली आला.” तौहीदने कणीक मळताना मान वर केली नाही.

“मग ओ कोण देतं?”

“ते नको विचारूस.”

जनार्दनला वाटलं, आवाज हा तौहीदच काढत असणार. म्हाताऱ्याला खूश ठेवून काहीतरी साधत असणार. दुसऱ्या दिवशी तो तौहीदला खेटून उभा राहिला आणि त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही.

“सालिम,” मेजर म्हणाला.

तौहीदचे ओठ मिटलेलेच होते. तरी अगदी जवळून आवाज आला, “हजर.”

जनार्दनचं स्वतःचं तोंड उघडं होतं. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. तौहीद हळूच त्याच्यापासून बाजूला सरकला.

“आज आवाज स्वच्छ आला,” मेजर जनार्दनच्या डोळ्यांत बघत हिंदीत म्हणाला. “पुढे ये, सालिम.”

जनार्दनला जागचं हलायचं नव्हतं. तरी त्याचा पाय उचलला गेला.