लाल बिल्ला

एक लाल बिल्ला जास्त होता.

ऑरिन पेल्कीने पुन्हा शिट्टी फुंकली. शिबिराच्या तळ्यातल्या मुलांनी पुन्हा आपापल्या जोडीदाराचा हात धरून उंच केला. त्याने जोड्या मोजल्या. मग धक्क्यावरच्या फळ्याकडे वळून बिल्ले मोजले. तरीही एक जास्त.

पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला लाकडी बिल्ला लाल बाजूने टांगायचा. बाहेर आलं की उलटवून नावाची पांढरी बाजू पुढे करायची. मुलं असोत की शिक्षक, हा नियम सगळ्यांना होता. जोडीदाराशिवाय उतरायचं नाही आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. लाल बिल्ला म्हणजे पाण्यात माणूस.

"सगळे बाहेर!" ऑरिन ओरडला. "धावायचं नाही. हात सोडायचा नाही."

मुलं धक्क्यावर जोडीजोडीने उभी राहिली. पॅनकेक खाऊन आलेली, ओठ निळे पडलेली. टॉवेल समोरच्या कठड्यावर होते, पण जागचं हलायचं नव्हतं.

"तुझा हात चिकट आहे," हॅटी म्हणाली.

"तुझाच आहे. पाकाने," लेना म्हणाली. मग तिने ऑरिनला विचारलं, "कोच, हे मंगळवारच्या सरावासारखं खोटं खोटं आहे ना?"

"नाही."



एकाही मुलाचा जोडीदार हरवला नव्हता. म्हणजे जे कोणी खाली होतं, ते एकटंच उतरलं होतं. त्याच्यासाठी हात वर करणारं कोणी नव्हतं.

"मी पटापट उलटते सगळे," फळ्याजवळची मार्गो म्हणाली. "नाव तरी कळेल."

"हात लावू नकोस. घाईत पाण्यात असलेल्या पोराचा बिल्ला पांढरा केलास, तर ते पोर गेलंच. एकेकाला बोलाव. ज्याचा त्याने उलटू दे."

मार्गोला ही जागा यंदाच मिळाली होती. त्याआधी फळ्याजवळच्या स्टुलावर ऑरिनची बायको, लुएला, बसायची. तिला फळा बघावाच लागायचा नाही. कोण दिसत नाही ते ती डोकी बघून सांगायची. मार्चमध्ये ती गेली.

ऑरिन बूट काढून कपड्यांनिशी उतरला. पोहणारे चारही शिक्षक आले. मोजणी बिघडू नये म्हणून आपला बिल्ला कोणीच लाल केला नाही. एकमेकांच्या दंडात दंड अडकवून त्यांनी रांग केली आणि पायांनी तळ चाचपत ते पुढे सरकू लागले. तळ्याचं पाणी चहासारखं तपकिरी होतं. छातीच्या खालचं काही दिसत नव्हतं. आता दंड सोडवता येत नव्हता आणि थांबताही येत नव्हतं. पुढचं पाऊल कशावर पडेल याची भीती वाटत होती आणि ते टाकावंच लागत होतं.

"कोच," शेजारचा ड्यूई दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्या पायाला काहीतरी लागलंय. मऊ आहे."

"जा खाली."

ड्यूईने बुडी मारली. धक्क्यावर एक मुलगी रडू लागली. ड्यूई वर आला. त्याच्या हातात कुजलेलं, शेवाळलेलं लाकूड होतं. त्याने ते रागाने दूर फेकलं.

"रांग धर," ऑरिन म्हणाला. "चला."

धक्क्यावर मुलं एकेक करून फळ्याशी जात होती. बिल्ले पांढरे होत होते. रांग पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या दोरीपर्यंत पोचली, वळली, पुन्हा निघाली.

"कोच!" मार्गोने हाक मारली. "सगळ्यांचे झाले. एकच लाल उरलाय."

"नाव वाच!"

मार्गोने नखाने बिल्ला जरासा उचलून पाहिला आणि सोडून दिला.

"मार्गो! कोण आहे?"

"तुम्ही वर या, कोच. सगळेच या. पाण्यात कोणी नाही."

तो शिडी चढून आला. अंगावरून पाणी निथळत होतं. मार्गो बाजूला झाली. त्याने बिल्ला उलटला. बाकीच्यांपेक्षा जुना, कडा झिजलेला. लुएला. तिने स्वतः रंगवलेली अक्षरं.

रोज मुलं उठायच्या आधी ते दोघं दोरी तपासायला उतरत. लुएलाला धीर नसायचा. ती आधीच कमरेइतक्या पाण्यात जाऊन हाका मारायची, "ये ना रे म्हाताऱ्या!" तो घाईघाईने दोन्ही बिल्ले लाल करायचा. बाहेर आल्यावर मात्र ज्याचा तो उलटायचा, नियमाप्रमाणे. आजच सकाळी कितीतरी महिन्यांनी तो दोरी तपासायला उतरला होता. हात आपोआप दोन बिल्ल्यांकडे गेले होते. बाहेर आल्यावर त्याने आपला उलटला होता.

मुलं अजून हात धरून कुडकुडत उभी होती.

"टॉवेल घ्या," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. लेनाने विचारलं, "पण कोच, एकटं कोण उतरलं होतं?"

बिल्ला ऑरिनच्या मुठीत होता.

"मी," तो म्हणाला.