होल्डरमधला कॅमेरा

मांजलपूरच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. नयनाचा संशय त्यांना सांभाळणाऱ्या सविताबेनवर गेला. कोणालाही न सांगता तिने सासूबाईंच्या खोलीत बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा कॅमेरा लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्रण उघडलं. सविताबेन सासूबाईंची वेणी घालून घरी गेल्या. मग नयनाचा नवरा, तन्मय, आत आला. "परत गादी ओली केलीस?" म्हणत त्याने आईच्या दंडाला करकचून चिमटा काढला. अकरा वर्षं संसार केलेल्या माणसाची नयनाला शिसारी आली.

घरी येताच तिने सासूबाईंना जवळ घेतलं. "आई, घाबरू नका. कोणी मारलं?"

सासूबाईंनी गाऊनची बाही खाली ओढली.



"त्या सविताबेननं. उद्यापासून तिला येऊ देऊ नकोस."