झाकणावरची खूण

"पुन्हा उलटं," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता मॅडम लॅबमधल्या मुलीला म्हणाल्या. "काय गं, तुझ्यासारखीच पेशींचीही झोप झाली नाही वाटतं?"

गोल डिशमध्ये एका ओळीत तीन खळगे होते. मधल्यात पांढऱ्या पेशी, एका बाजूला प्रोटीन, दुसऱ्या बाजूला साधं पाणी. हेच प्रोटीन पेशींना हाका मारतं. सूज आली की त्या मदतीला धावतात. कॅन्सरची गाठ मात्र याच प्रोटीनने त्यांना बोलावते आणि फितवून आपल्याच राखणीला बसवते. ती हाक सिद्ध करायची होती. पण पेशी कधी प्रोटीनकडे जात, कधी चक्क पाण्याकडे. गेल्या महिन्यात मॅडम तीन दिवस परगावी होत्या, तेव्हा मात्र तिन्ही निकाल अचूक आले. मॅडमच्या मनात पाल चुकचुकली.

तशी, बाळंतपणाच्या रजेवरून ही पोरगी परतली तेव्हापासूनच त्यांना तिचा भरवसा नव्हता. खांद्यावर दुधाचा डाग, डोळ्यांखाली काळं. झोपेत डिश भरत असणार, आणि मी नसले की आकडे मनानेच लिहीत असणार. तिच्या मुदतवाढीचा अर्ज टेबलावर पडून होता. आज शेवटचा दिवस. सही झाली नाही, तर उद्यापासून काम नाही.

लक्ष ठेवायला सोपं जावं म्हणून मॅडमनी तिला खुणा झाकणावरच करायला लावल्या होत्या. एका कडेला 'प्र', समोरच्या कडेला 'सा'. वरून बघितलं की कळलं. रोज दुपारी ती बाळाला पाजायला गेली की त्या इन्क्युबेटर उघडत. झाकणाला आतून वाफ धरलेली असे. ते काढून, पुसून, आत नीट बघून, अक्षरं खळग्यांवर आणून पुन्हा ठेवत. गडबड कधीच सापडली नाही. म्हणजे पोरगी पक्की होती.

काल त्यांनी तिची इन्क्युबेटरची किल्लीही मागून घेतली आणि आपल्या ओळखपत्राच्या दोरीत अडकवली. आज सकाळी समोर उभं राहून डिश भरून घेतली. कुलूप स्वतः लावलं. दुपारची तपासणीही चुकवली नाही. आणि तरी उलटं.

"कसं केलंस?"

"काय, मॅडम?"

"आता साळसूदपणा नको. प्रोटीन सोडून पेशी पाण्याकडे जातील का?"

"नाही जाणार." मुलगी डिशकडे बघत म्हणाली. "माझं बाळ डोळे मिटूनसुद्धा दुधाच्याच बाजूला तोंड वळवतं. यांचंही तसंच असणार. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून आज भरायच्या आधी डिशच्या तळालाही सुईने ओरखडा काढला. प्रोटीनच्या बाजूला."

मॅडमनी पुन्हा डोळा लावला. ओरखडा होता. पेशींची सगळी गर्दी त्याच बाजूला होती. आणि वर, झाकणावर, तिथेच 'सा' होता.

"म्हणजे पेशी बरोबर आहेत," मुलगी हळूच म्हणाली. "झाकण फिरलंय. मध्येच कोणीतरी उघडून उलटं ठेवतंय. पण कोण ठेवणार?"

मॅडमचा हात ओळखपत्राच्या दोरीकडे गेला. इन्क्युबेटरला दोनच किल्ल्या होत्या, आणि कालपासून दोन्ही त्यांच्याच गळ्यात होत्या.