स्लो वॉक

फीत कापली आणि अख्खं शारजा एकदम आत घुसलं. अत्तराचा घमघमाट, कॅमेऱ्यांचा लखलखाट, आणि जो तो निघाला थेट पलीकडच्या टोकाला, खजुराच्या अन् ज्यूसच्या टेबलाकडे.

दाराशी पर्णिका ओठ चावत उभी होती. म्युझियमच्या नोकरीत तिनं मांडलेलं हे पहिलंच प्रदर्शन. शेजारी परदेशाहून आलेला उंच, म्हातारा चित्रकार. दोघं लोकांच्या पाठी बघत होते. भिंतींकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

नातीचा पडलेला चेहरा गिरिजाबाईंच्या नजरेतून सुटला नाही. "कसलं गं प्रदर्शन?" असं त्यांनी सकाळीच विचारलं होतं.

"इट्स स्लोव्हाक, आजी."

स्लो वॉक. शुगरचा डॉक्टर रोज फास्ट वॉक करा म्हणून डोकं खायचा, त्यामुळे तेवढं इंग्रजी त्यांना पुरतं कळत होतं.

त्यांनी पदर खोचला आणि दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेत बरोब्बर मधोमध चालू लागल्या. एक पाऊल, मग थांबा. मागे गर्दी तुंबली.

"आई, यल्ला, चल लवकर! लोक खोळंबलेत," यतीन कुजबुजला.

"खोळंबू देत. स्लो वॉक आहे हे, ठाऊक नाही तुला? पळायचं असेल तर मॉलमध्ये जा म्हणावं."

खिळ्याला एक जुना कोट टांगलेला होता. खिसे दगडांनी फुगलेले. गिरिजाबाई थबकल्या.

"अगं बाई! इतके पत्थर किसने डाले? आणि आतला माणूस कुठं गेला?"

मागची अरब बाई हसली, पण वाकून खिशात डोकावली. तिच्या मागचाही वाकला. कुणीतरी इंग्रजीत तेच विचारलं. म्हातारा चित्रकार गर्दीतून वाट काढत धावत आला आणि दोन्ही हातांनी सांगायला लागला. गाल लालबुंद झाले होते त्याचे.

पर्णिकाही पोचली. "आजी, इट्स नॉट स्लो…"

बोलता बोलता तिनं मागं पाहिलं. रांग दारापर्यंत गेली होती, आणि सगळ्यांच्या माना भिंतींकडे.

"काय गं? चुकलं का माझं?"

"नाही आजी," पर्णिका चक्क मराठीत म्हणाली. "स्लो वॉकच आहे."

गिरिजाबाईंनी यतीनकडे एक नजर टाकली. मग मागच्या सगळ्यांना हात केला.

"यल्ला," त्या म्हणाल्या, "हळू."